सर्वपरीक्षक

१२ जून १९७४

आज यंत्र थांबलंच नाही.

मिर्झाचोलच्या कालव्यांचे दरवाजे किती उघडायचे, हे ताश्कंदच्या आमच्या गणनकेंद्रात रोज सकाळी ठरतं. पंचकार्डांचा गठ्ठा यंत्रात घालायचा आणि चहा ओतायचा. चहा निवायच्या आत कागद बाहेर येतो. मग तो फोनवरून दरवाजांवरच्या माणसांना वाचून दाखवायचा. आज चहा निवला. दुसरा ओतला, तोही निवला. दिवे लुकलुकत होते, म्हणजे यंत्राचं काम चालू होतं.

"काल नवा कालवा जोडलाय ना आत, वेळ लागणारच," अफानासी-आका म्हणाले. केंद्रात सगळे त्यांना आका, म्हणजे दादा, म्हणतात; प्रोग्राम त्यांचाच. "संपतच आलं असेल."

मलाही तसंच वाटलं. मध्येच बंद करावं तर झालेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. वाट पाहावी तर किती? पुढच्या क्षणी संपेल की कधीच नाही, हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही. आम्ही वाट पाहिली.

दुपारी फोन आला. डोंगरातलं बर्फाचं पाणी नदीला अचानक आलं, दरवाजे कालच्याच मापावर राहिले आणि बांध फुटला. दोन सरकारी शेतांचा कापूस पाण्याखाली. पंपघराच्या राखणदाराच्या घराची भिंत कोसळली आणि त्याचा पाय तिच्याखाली सापडला.

यंत्र तेव्हाही चालूच होतं. अफानासी-आकांनी स्वतःच्या हाताने खटका खाली ओढला आणि खुर्चीवर बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

१४ जून

चूक सापडली. दोन कालवे एकमेकांना पाणी देतात. प्रोग्राम एकाचं कमी करी, की दुसऱ्याचं वाढे. मग दुसऱ्याचं कमी करी, की पहिल्याचं वाढे. दोघांत समेट काही होईना आणि यंत्र बिचारं तंटा मिटवत बसलं. नवा कालवा जोडायचा हुकूम वरून आदल्या दिवशी संध्याकाळी आला होता आणि सकाळी काम सुरू करायचं होतं. पण हे आता कोण ऐकतो?

अफानासी नोगाय यांना कामावरून दूर केलंय. सरकारी वकिलाच्या कचेरीतून माणूस येऊन गेला. "घातपात" हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला.

आणि आमचे संचालक तुर्गुन निझामोविच काय म्हणाले? सगळ्यांसमोर छाती काढून: "दोष माणसाचा की पद्धतीचा, हे ठरायचंय अजून. आमचं केंद्र एक सर्वपरीक्षक तयार करील. कुठलाही प्रोग्राम त्याला दाखवा, तो चालवण्याआधीच सांगेल की हा थांबणार की नाही. तो तयार झाला की चौकशीला शास्त्रीय पाया मिळेल." वकिलाकडच्या माणसाने लिहून घेतलं. काम कुणाकडे? माझ्याकडे.

मी गार पडले. असा प्रोग्राम होऊच शकत नाही. विद्यापीठात तिसऱ्या वर्षी शिकलेय मी हे. संचालक झाले म्हणून काय झालं, मूलभूत गोष्ट ठाऊक नको?

१५ जून

आई म्हणते, "साहेबांनी काम दिलंय ते कर, तोंड चालवू नकोस. तोंडामुळेच बत्तीस वर्षांची झालीस नि घरात आहेस."

मी म्हटलं, "आई, ते काम होण्यासारखंच नाही."

"मग सोपंच आहे की. न होणारं काम करायला कितीही दिवस लागतात, कोण बोलणार?"

आईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

२३ जून

अफानासी-आकांकडे गेले. ते कोबीच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. मला बघून हसले, पण बोलले कामापुरतंच. त्यांच्या बायकोने, मार्फा-ओपांनी, थंड शेवयांचा वाडगा दिला, वर तिखट गाजर. दाराशी एक लहानशी पेटी दोरीने बांधून ठेवलेली दिसली. "गावाला निघालात?" मी विचारलं.

"नाही गं. असंच. ह्यांच्या आईलाही सवय होती," ओपा म्हणाल्या. "सदतीस साली पूर्वेकडून आम्हा कोरियनांना गाडीत घालून इकडे पाठवलं ना, तेव्हा तयारीला एकच दिवस मिळाला होता. तेव्हापासून आमच्यात पेटी बांधलेली बरी असते."

उन्हाळ्यात हवापालटाला डोंगरात वगैरे जाणार असतील, सांगायला लाजत असतील. मी जास्त विचारलं नाही.

निघताना ओपा म्हणाल्या, "तुर्गुन रोज संध्याकाळी येतो. टरबूज घेऊन येतो, ह्यांच्याशी पट मांडून बसतो."

मला संताप आला. आधी माणसाला घरी बसवायचं, मग तो काय करतो हे बघायला रोज हजर! वर टरबूज.

२ जुलै

आज संचालकांच्या खोलीत जाऊन स्पष्ट सांगितलं. पूर्ण सिद्धताच मांडली.

"समजा, तुमचा सर्वपरीक्षक झाला तयार," मी म्हटलं. "मग मी एक नाठाळ प्रोग्राम लिहिते. त्याच्या पोटात तुमचाच परीक्षक बसवते. नाठाळ काय करतो? परीक्षकाला स्वतःबद्दलच विचारतो: सांग, मी थांबणार की नाही? परीक्षक म्हणाला 'थांबणार', की हा मुद्दाम फिरत राहतो. म्हणाला 'नाही थांबणार', की हा लगेच थांबतो. काहीही म्हटलं तरी परीक्षक खोटा. म्हणजे असा परीक्षक नसतोच. कितीही हुशार माणूस बसवा."

तुर्गुन निझामोविच खिडकीतून बाहेर बघत होते. "लिहून काढ," म्हणाले.

"काय लिहून काढू?"

"हेच. नीट, सविस्तर. उदाहरणं घाल. आणि परीक्षकाचं कामही चालू ठेव."

"पण होणारच नाही तर..."

"सनोबर, शक्य आहे का हे मी तुला विचारलं नाही. काम कर म्हणालो."

असा माणूस संचालक कसा होतो?

१९ जुलै

काम करतेय. खरं सांगायचं तर मजा येतेय, म्हणून लाजही वाटतेय.

सगळ्यांसाठी परीक्षक होत नसेल, पण काहींसाठी? ज्यांच्यात फेऱ्या मोजून ठरवलेल्या असतात ते थांबणार हे उघडच. ज्यांच्यात एक आकडा दरवेळी लहानच होत जातो, तेही. माझा अर्धवट परीक्षक आता कपाटातले बहुतेक जुने प्रोग्राम ओळखतो. जिथे ओळखता येत नाही तिथे "माहीत नाही" छापतो. अफानासी-आकांचा तो प्रोग्रामही मी त्याला दाखवला. उत्तर आलं: माहीत नाही. मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसले.

दुपारी यंत्राच्या खोलीत एकटीच होते. हेच लोखंडी कपाट सकाळी पाणी वाटतं, दुपारी गाड्यांचं वेळापत्रक लावतं, संध्याकाळी कुणाच्या पुलाची मजबुती काढतं. तारा बदलाव्या लागत नाहीत, फक्त गठ्ठा बदलायचा. एका इंग्रज तरुणाने हे छत्तीस सालीच कागदावर बघितलं होतं, असं यंत्र जगात कुठेही नसताना. हिशेब करण्याजोगं जे जे काही आहे ते सगळं करील असं एकच यंत्र! आणि त्याच लेखात, त्याच दमात, ते काय करू शकणार नाही हेही त्याने सिद्ध केलं. दुसरा कुणी असता तर पहिल्या भागावर टाळ्या घेऊन घरी गेला असता. मला त्याच्या दुसऱ्या भागाबद्दल जास्त आदर वाटतो.

८ ऑगस्ट

अहवाल दिला. संचालक म्हणाले, "छोटा आहे."

"सगळं आलंय त्यात."

"सगळं आलंय, पण छोटा आहे. अशा अहवालावर चौकशी समिती ऑगस्टमध्येच बसेल. लोक अजून तापलेले आहेत. वाढव." मग म्हणाले, "आणि सप्टेंबरात सगळ्या कचेरीबरोबर कापूस वेचणीला जाशील तेव्हा घाई करू नकोस. वेचणी महत्त्वाची."

माझं शास्त्र म्हणजे यांच्या लेखी वजनावर विकायचा माल! घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "शहाणा आहे तुझा साहेब." आईला आता कुणीही शहाणं वाटतं.

२१ सप्टेंबर

वेचणीवर आहोत. बोटं फाटली. आमचा तळ नेमका त्या फुटलेल्या बांधाजवळ पडलाय.

संध्याकाळी पाणी आणायला गेले तर राखणदाराच्या बायकोची गाठ पडली, सोदिका नाव तिचं. नवी भिंत लिंपत होती. नवरा काठी घेऊन अंगणात हळूहळू चालत होता. पाय वाचलाय, पण वाकत नाही. मी कुठून आले हे सांगायचं नव्हतं मला, पण तिने विचारलं आणि खोटं बोलता आलं नाही.

"म्हणजे त्या यंत्राजवळ बसलेल्या तुम्हीच?" ती म्हणाली. चिखलाचे हात तसेच कमरेवर. "सकाळपासून बघत काय बसला होतात? बंद का नाही केलंत?"

"वाटलं, आता संपेल."

मला वाटलं आता शिव्या देणार.

"आम्हीपण तेच केलं," ती म्हणाली. "पाणी उंबऱ्याला लागलं तरी हा म्हणे, आता ओसरेल. पंप सोडून निघेना. मी पोरांना घेऊन वर गेले आणि हा थांबला." मग चिखलाचा गोळा भिंतीवर थापत म्हणाली, "कळत असतं तर कोण थांबलं असतं, बाई? पण तुमच्याकडे तर यंत्र होतं."

मी चिखल कालवून दिला. अंधार पडायच्या आत एक बाजू पुरी झाली.

२२ सप्टेंबर

दिवसभर वेचताना तेच डोक्यात. नेहमी शक्य नाही, हे मी सिद्ध करू शकते. पण तिचा प्रश्न तो नाहीच. तिचा प्रश्न आहे, त्या सकाळी काय करायला हवं होतं?

दुपारी भाकरी खाताना सुचलं. इतकं सोपं की आधी का सुचलं नाही म्हणून राग आला. प्रत्येक फेरीच्या माथ्यावर आधीच लिहायचं: जास्तीत जास्त इतक्या वेळा. तेवढ्यात समेट झाला तर उत्तम. नाही झाला तर यंत्राने थांबायचं आणि छापायचं: मला जमलं नाही. अशा प्रोग्रामसाठी परीक्षकच लागत नाही, तो थांबणारच. काही अवघड गणितं या पद्धतीने लिहिताच येणार नाहीत, हा तोटा मोठा आहे. पण पाणी वाटायला ती लागतात कुठे?

१६ ऑक्टोबर

उद्या समिती. संचालकांनी बोलावलं. वाटलं होतं, पढवतील. नुसतं म्हणाले, "विचारतील त्याचं खरं उत्तर दे. मला सांभाळायला जाऊ नकोस."

म्हणजे बुडताना मला एकटीला पुढे करायचा बेत दिसतोय. ठीक आहे. मी कुणाला भीत नाही. (खोटं. जेवण गेलं नाही.)

१७ ऑक्टोबर

सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवते.

अध्यक्ष ओचिल मिरझायेविच, जलखात्यातले म्हातारे इंजिनियर. त्यांचे वडील जुन्या काळचे मिराब, म्हणजे गावात पाण्याची पाळी ठरवणारे. दुसरे मॉस्कोहून आलेले गणिती वादिम अर्काद्येविच. सरकारी वकिलाचा माणूस कोपऱ्यात. अफानासी-आका भिंतीशी, लग्नात घालतात तसा कोट घालून.

मी नाठाळाची गोष्ट सांगितली. ओचिल-आकांनी दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा ते हसले. "माझा धाकटा नातू असाच आहे. जे म्हणाल त्याच्या उलट."

मग वादिम अर्काद्येविच बोलले, आवाज अगदी मऊ. "कॉम्रेड एर्गाशेवा, सिद्धान्त खरा आहे. पण तो अमर्याद लांबीची पट्टी, म्हणजे अमर्याद स्मृती, असलेल्या यंत्राबद्दल आहे. तुमच्या यंत्राची स्मृती मर्यादित आहे. तेव्हा तुम्हाला तो लागूच होत नाही. एकदा आलेली अवस्था पुन्हा आली का एवढं बघायचं. आली, की ते कधीच थांबणार नाही. तत्त्वतः परीक्षक शक्य आहे."

ते बरोबर होते. सिद्धान्तालाही स्वतःची सीमा असते आणि त्यांनी नेमकं तिथे बोट ठेवलं होतं. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते.

"तत्त्वतः शक्य आहे," मी म्हटलं. "पण बघा, स्मृतीच्या एका खणाच्या दोन अवस्था. दोन खणांच्या चार, तीन खणांच्या आठ. शंभर खणांपाशी जगातली सगळी वाळू मागे पडते. आमच्या यंत्रात असे खण लाखांनी आहेत. एवढ्या अवस्थांतून फिरेपर्यंत सूर्य विझेल. सिद्धान्त म्हणतो 'कधीच नाही'. आमचं यंत्र म्हणतं 'सूर्य विझल्यावर'. कालव्याच्या दरवाजावर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही सारखंच."

वादिम अर्काद्येविच यांनी चष्मा काढला. "हे उत्तर मला आवडलं," ते म्हणाले. ते परीक्षा घेत होते की खरंच अडवत होते, अजून कळलेलं नाही.

"म्हणजे मॉस्कोतही होणार नाही?" ओचिल-आकांनी त्यांना विचारलं.

"नाही."

"अमेरिकेत?"

"तिथेही नाही. कुणालाच नाही."

"जे जगात कुणालाच येत नाही," ओचिल-आका वकिलाच्या माणसाकडे वळून सावकाश म्हणाले, "ते आलं नाही म्हणून तुम्ही एका माणसाला धरणार?"

इथे गप्प बसले असते तर चाललं असतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. मी उठले. "ही एक चूक मात्र दिसू शकली असती. दुसऱ्या कुणी डोळ्यांखालून घातली असती तर. पण हुकूम संध्याकाळी आला आणि काम सकाळी सुरू करायचं होतं. दुसऱ्या डोळ्यांना वेळच मिळाला नाही."

हुकूम कुणाचा होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वकिलाच्या माणसाने लिहिणं थांबवलं.

मग मी फेऱ्यांच्या मर्यादेचं सांगितलं, "मला जमलं नाही" छापण्यापर्यंत. ओचिल-आका टेबलावर हात आपटून हसले. "वेळेवर 'मला जमलं नाही' म्हणणारा! चाळीस वर्षं खात्यात आहे, असा अधिकारी भेटला नाही मला. हे यंत्र घेऊ आपण."

शेवटी तुर्गुन निझामोविच उठले. "कॉम्रेड एर्गाशेवा, परीक्षक अशक्य आहे हे तुम्ही मला कधी सांगितलंत?"

"जुलैच्या सुरुवातीला."

"आणि मी काय म्हणालो?"

"काम कर म्हणालात."

"नोंद करावी," ते म्हणाले आणि बसले. वेडे आहेत का हे? आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड!

ओचिल-आकांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुर्गुन, तू गणित कुठे शिकलास?"

"इथेच, ताश्कंदला."

"मग हा सिद्धान्त तुला ठाऊक नव्हता?"

"विसरलो होतो."

"हं," ओचिल-आका म्हणाले. "ह्या वयात होतं असं."

२२ ऑक्टोबर

निकाल: अफानासी नोगाय पुन्हा कामावर. त्यांना साधी ताकीद. "अशक्य आश्वासन देऊन चौकशी लांबवल्याबद्दल" तुर्गुन निझामोविच यांना कडक ताकीद आणि वर्षभर बढती बंद. पुढच्या हंगामापासून पाण्याचे सगळे प्रोग्राम मर्यादेच्या पद्धतीने लिहायचे.

संचालकांना शिक्षा झाली ते योग्यच झालं. न येणारा सिद्धान्त महागात पडतो. पण हा माणूस मला समजत नाही. कागद हातात पडल्यावर शिट्टी वाजवत जिना उतरला आणि फाटकाशी दोन टरबुजं विकत घेतली.

२७ ऑक्टोबर, रविवार

अफानासी-आकांकडे जेवायला बोलावलं होतं. अंगणातल्या बाजेवर ऊन होतं. ते जरा वाळलेत.

"त्या दिवशी मला काही ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "कानात नुसतं घुं घुं. नाठाळाचं काय सांगितलंस ते मला सांग आता."

मी खाली उतरून काटकीने मातीत चौकोन काढले. परीक्षक. त्याला पोटात घेतलेला नाठाळ. ते गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. मध्येच अडवत.

"आणि परीक्षक आणखी हुशार केला तर?"

"नाठाळही तेवढाच हुशार होतो, आका. त्याच्या पोटात तोच तर आहे."

ते म्हणाले, "म्हणजे कुणालाच नाही."

"कुणालाच नाही."

"शंभर वर्षांनी?"

"तेव्हाही नाही." मग मला राहवेना. "पण तुमच्या त्या प्रोग्राममधली चूक..."

"ती मला दिसायला हवी होती. ठाऊक आहे. ती माझी, ती मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. मी जाऊन आलोय त्या राखणदाराकडे. बसलो त्याच्यासमोर." त्यांनी मातीतल्या चौकोनावरून बोट फिरवलं, पुसणार नाही इतकं हलकं. "पण सनोबर, इतकी वर्षं प्रत्येक गठ्ठा आत घालताना मला धास्ती असायची. मला वाटे, खऱ्या हुशार माणसाला आधीच सगळं दिसत असणार. मलाच दिसत नाही. मीच कुठेतरी कमी. हे कुणाला सांगायचीही चोरी."

ते हसले, आणि हसतानाच डोळे पुसले.

मार्फा-ओपा वाडगे घेऊन आल्या. "आधी जेवून घ्या, मग खेळा मातीत."

"थांब गं जरा," अफानासी-आका म्हणाले, आणि बाजेवरून उतरून माझ्याशेजारी मातीत बसले. "पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून."

मी हाताने माती सारखी केली आणि पुन्हा पहिला चौकोन काढला.